विद्यापीठे आणि विद्यार्थी – लेखांक सहावा : श्रीरामपूरचा विद्यार्थिसमूह

मागील लेखांकात विद्यापीठाची सनद म्हणजे काय, याचा विचार आपण केला. आता त्या सनदेच्या छायेत जे तरुण एकत्र येतात त्यांच्याकडे वळावयाचे असून, त्यासाठी ख्रिस्ती विद्यापीठाचे उदाहरण मी मुद्दाम घेतले आहे. अशा विद्यापीठात सारे विद्यार्थी एकाच श्रद्धेचे असणार आणि ती श्रद्धा हाच तेथील प्रवेशाचा परवाना असणार, असा पुष्कळांचा ग्रह असतो. तो अगदीच निराधार आहे असे नाही. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात व्हीटन कॉलेज आहे, तेथे विद्यार्थ्यास ख्रिस्ती आचाराच्या प्रतिज्ञापत्रावर सही करावी लागते. परंतु ज्या संस्थेस आपल्या देशात सर्वांत आधी पदवीदानाचा अधिकार मिळाला, तिची कथा याहून निराळी आहे.

ही संस्था म्हणजे श्रीरामपूरचे कॉलेज. आपल्या नगर जिल्ह्यातील श्रीरामपूर नव्हे, तर कलकत्त्याच्या उत्तरेस हुगळीच्या पश्चिम तीरावर, बराकपूरच्या समोर वसलेले, आणि त्या काळी डेन्मार्कच्या अमलाखाली असलेले श्रीरामपूर. विल्यम केरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड या तीन मिशनऱ्यांनी १८१८ साली ते स्थापन केले. मराठी वाचकास यांपैकी केरी परका नाही, कारण मराठीचे व्याकरण (१८०५) आणि मराठी-इंग्रजी कोश (१८१०) त्याने वैजनाथ शर्मा या पंडिताच्या साहाय्याने सिद्ध केले आणि याच गावच्या छापखान्यात छापून घेतले. ज्याने परधर्मीय पंडिताजवळ बसून आपली भाषा शिकून घेतली, त्याच्या विद्यालयात पंडिताच्या मुलास मज्जाव असता तर ती मोठीच विसंगती ठरली असती.

तसा मज्जाव तेथे नव्हताच. आरंभी ३७ विद्यार्थी दाखल झाले, त्यांपैकी १९ ख्रिस्ती होते, आणि उरलेल्यांत बहुसंख्य हिंदू होते. ख्रिस्ती तरुणांना संस्कृतात पारंगत करावे, म्हणजे त्यांना या देशातील विद्वानांशी बरोबरीच्या नात्याने बोलता येईल, हा संस्थापकांचा हेतू होता, आणि तो त्यांनी कधी लपविला नाही. मात्र ज्या कृतीत विद्यार्थ्याला स्वतःला पाप वाटते अशी कोणतीही कृती शिक्षणाची अट म्हणून त्याच्यावर लादू नये, हेही त्यांनी प्रथमपासूनच ठरविले होते. डेन्मार्कचा राजा सहावा फ्रेडरिक याने १८२७ साली सनद देऊन संस्थेस पदवीदानाचा अधिकार दिला. आणि १८३३ च्या नियमावलीत जात, वर्ण किंवा देश यांपैकी कशाच्याही कारणाने कोणाचा प्रवेश अडवू नये, अशी तरतूद कलमबद्ध झाली. ज्या समाजात पाणवठाही जातीने वाटलेला होता, त्या समाजात हे कलम लिहिणे म्हणजे काय, हे मराठी वाचकास निराळे सांगावयास नको.

पुढे १८४५ साली डेन्मार्कने श्रीरामपूर ईस्ट इंडिया कंपनीस विकले, तेव्हा तहनाम्यात सनदेचे हक्क अबाधित राखले गेले. १८५७ साली कॉलेज कलकत्ता विद्यापीठाशी संलग्न झाले. आणि १९१८ च्या बंगालच्या कायद्याने त्याच्या कारभाराची फेररचना झाली. या घडामोडींतून एकाच आवारात दोन प्रकारचे विद्यार्थी नांदू लागले. ईश्वरविद्येच्या वर्गात पाळक आणि धर्मशिक्षक होऊ इच्छिणारे तरुण देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून आणि निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांतून येतात, व त्यांना श्रीरामपूरच्या सनदेची पदवी मिळते; कला, विज्ञान आणि वाणिज्य शाखांत मुख्यतः भोवतालच्या बंगाली समाजातील मुले-मुली शिकतात, व त्यांना कलकत्ता विद्यापीठाची पदवी मिळते. श्रीरामपूरच्या ईश्वरविद्येच्या पदव्यांचा विस्तार तर हुगळीपासून फार दूरवर गेला असून, पुण्याच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीसारख्या संस्थाही त्या परीक्षांस विद्यार्थी बसवीत आल्या आहेत.

यावरून माझा निष्कर्ष असा की, संस्थेची श्रद्धा आणि विद्यार्थ्याची श्रद्धा या दोन गोष्टी निराळ्या ठेवता येतात, आणि तशा ठेवल्याने संस्थेची श्रद्धा पातळ होत नाही. संस्थेने आपली श्रद्धा अध्यापनाच्या निष्ठेत, ग्रंथालयाच्या समृद्धीत आणि दुर्बल विद्यार्थ्याविषयीच्या आस्थेत प्रकट करावी. प्रवेशाच्या दप्तरात तिची नोंद मागू नये. आपल्याकडे कोणत्याही धर्माच्या वा पंथाच्या नावाने विद्यालय चालविणाऱ्यांस माझी कळकळीची विनंती आहे की, त्यांनी १८३३ चे ते एक कलम आपल्या नियमावलीशेजारी ठेवून वाचावे आणि आपला दरवाजा किती उघडा आहे, हे स्वतःच पाहावे.