परोक्ष लिहिलेले चरित्र : माहितीच्या दलालीचे स्वरूप

१९९९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील न्यू हॅम्पशर राज्यात राहणाऱ्या एका तरुणाने फ्लॉरिडातील ‘डॉक्युसर्च’ नावाच्या पेढीकडे आपल्या एका जुन्या सहाध्यायिनीची माहिती मागितली. ठरलेले शुल्क घेऊन पेढीने तिचा सामाजिक सुरक्षा क्रमांक आणि तिच्या नोकरीच्या ठिकाणाचा पत्ता त्याला पुरविला. हा पत्ता मिळविण्यासाठी एका मध्यस्थ बाईकरवी त्या मुलीलाच खोट्या निमित्ताने दूरध्वनी करण्यात आला होता. १५ ऑक्टोबर १९९९ रोजी ती कामावरून बाहेर पडत असता त्या तरुणाने तिला गोळ्या घातल्या आणि स्वतःचाही अंत करून घेतला. तिचे वय २० वर्षांचे होते. तिच्या आईने भरलेल्या दाव्यात उपस्थित झालेल्या प्रश्नांवर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली आपले मत दिले. नोकरीचे ठिकाण कोणालाही येताजाता दिसण्यासारखे असल्याने ते खाजगी मानता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. तथापि अशी माहिती गोळा करून विकणाऱ्यावर, जिच्याविषयीची माहिती विकली जाते त्या व्यक्तीच्या बाबतीत वाजवी काळजी घेण्याचे दायित्व येते, हेही त्याने मान्य केले. सुटी असताना निरुपद्रवी वाटणारी माहिती एकत्र बांधली गेली म्हणजे तिचे स्वरूप पालटते. माहितीच्या आजच्या व्यापाराचे मर्म हेच आहे.

या व्यापाऱ्यांना ‘दलाल’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. पण हा शब्द पुरता बरोबर नाही. बाजारातला दलाल घेणारा आणि विकणारा यांची गाठ घालून देतो आणि दोघांकडून आपली दलाली घेतो; माल त्याचा नसतो. माहितीचा दलाल मात्र माल साठवितो, निवडतो, त्याची प्रतवारी लावतो आणि तोच माल पुनःपुन्हा विकतो. ज्याच्याविषयीचा हा माल असतो, तो मनुष्य या व्यवहारात घेणाराही नसतो आणि विकणाराही नसतो. बहुधा आपल्याविषयी सौदा झाल्याचे त्याच्या कानीही पडत नाही.

हा धंदा संगणकाने जन्माला घातला, अशी एक समजूत आहे. वस्तुतः १८३७ च्या आर्थिक अरिष्टानंतर न्यू यॉर्कमधील रेशमाचे व्यापारी लुईस टॅपन यांनी १८४१ मध्ये ‘मर्कंटाइल एजन्सी’ स्थापन केली, तेव्हाच त्याचा पाया घातला गेला. गावोगावचे वार्ताहर, त्यांत बरेचसे वकील, आपल्या गावातील दुकानदारांची पत, व्यसने, सासरची मालमत्ता, चालचलणूक यांविषयी कळवीत. ते सर्व मोठमोठ्या वह्यांत उतरले जाई आणि वर्गणीदार व्यापाऱ्यांना वाचून दाखविले जाई. या वह्यांचे अडीच हजारांहून अधिक खंड हार्वर्ड विद्यापीठाच्या व्यवसायशाळेच्या ग्रंथालयात आजही जतन केलेले आहेत. पतविषयक नोंदी पाहण्याचा आणि त्यांतील चुकांना हरकत घेण्याचा हक्क तेथील नागरिकाला प्रथम १९७० च्या कायद्याने मिळाला. जाहिरातीसाठी चालणारा माहितीचा व्यापार मात्र बव्हंशी त्या कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिला.

आजचे वार्ताहर माणसे नाहीत, एवढाच फरक. मालमत्तेची व न्यायालयांची दप्तरे, मतदारांच्या याद्या, दुकानांची सवलत-कार्डे, मासिकांच्या वर्गणीदारांच्या याद्या, वस्तूंच्या हमीपत्रासोबत भरून दिलेले तक्ते हे जुने झरे अजून वाहत आहेत. त्यांत मोबाइलची भर पडली आहे. हवामान सांगणाऱ्या किंवा खेळ खेळविणाऱ्या एखाद्या ॲपमध्ये तिसऱ्याच कंपनीने लिहिलेला आज्ञावलीचा तुकडा बसविलेला असतो. तो दिवसातून अनेक वेळा फोनचे ठिकाण कळवीत राहतो. दुसरी वाट जाहिरातींच्या लिलावाची. एखादे पान उघडताच तेथील जाहिरातीच्या जागेचा क्षणार्धात लिलाव होतो आणि कोणत्या फोनवर, साधारण कोठे, काय वाचले जात आहे याची दवंडी सर्व बोली लावणाऱ्यांपुढे पिटली जाते. बोली एकाचीच लागते; माल मात्र सर्वांना पाहावयास मिळतो.

इतके होऊनही हे सारे सुटे मणीच असतात. ते ओवण्यास सूत लागते, आणि हे सूत म्हणजे मोबाइल क्रमांक, ई-मेलचा पत्ता आणि प्रत्येक फोनला दिलेला जाहिरात-क्रमांक. औषधाच्या दुकानात आणि कापडाच्या दुकानात एकच क्रमांक सांगितला गेला, की दोन वह्यांतील दोन नोंदी एका माणसाच्या ठरतात. मग ओवलेल्या माळेवरून अनुमाने बांधली जातात. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने मे २०१४ मध्ये नऊ दलालांच्या चौकशीचा अहवाल प्रसिद्ध केला; त्यांपैकी एकाकडे जवळजवळ प्रत्येक अमेरिकन ग्राहकाविषयी ३,००० वर्गीकरणे होती.

या वर्गांची नावे साहित्याच्या अभ्यासकालाही विचारात पाडणारी आहेत. साठी उलटलेल्या, अल्पशिक्षित, गाठीशी फारसे काही नसलेल्या एकाकी ग्रामस्थांचा वर्ग ‘रूरल एव्हरलास्टिंग’, म्हणजे जणू खेड्यातले चिरंजीव! शहरांतल्या गरिबांचा एक वर्ग ‘अर्बन स्क्रॅम्बल’. कोणी ‘एक्स्पेक्टंट पेरेंट’, तर कोणी ‘डायबिटीस इंटरेस्ट’. जुन्या प्रहसनांत पात्राच्या नावातच त्याचा स्वभाव सांगून टाकण्याची रीत होती. पण तेथे पात्राला रंगमंचावर येऊन दोन शब्द बोलता तरी येत. येथे ज्याचे चरित्र लिहिले गेले, त्याला ते वाचता येत नाही, आणि लिहिणाऱ्याने चूक केली तर ती खोडताही येत नाही. आयोगाने दिलेले उदाहरण मार्मिक आहे : मधुमेहाविषयी कुतूहल असणाऱ्यांच्या यादीचा उपयोग साखरविरहित पदार्थांची सवलत देण्यासाठी होईल, तसाच विमा कंपनीला त्या माणसास जोखमीचा ठरविण्यासाठीही होईल. आजारी आईसाठी औषधांची माहिती शोधणारा मुलगा अशा यादीत सहज जाऊन बसेल.

निवारणाचा विचार करताना सूत कोठे तोडता येईल हे प्रथम पाहावे. बँकेसाठी एक आणि खरेदीसाठी दुसरा ई-मेल पत्ता ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये जाहिरात-क्रमांक पुसून टाकण्याची सोय आहे; आयफोन एप्रिल २०२१ पासून ॲपला माग काढू द्यावा का, असे मालकालाच विचारतो, आणि त्याला नकार देता येतो. विजेरीच्या ॲपला फोनचे ठिकाण ठाऊक असण्याचे काहीच कारण नाही. अशा परवानग्या वर्षातून एकदा तरी तपासून काढून घ्याव्यात. फायरफॉक्स आणि सफारी हे ब्राउझर माग काढणाऱ्या तिसऱ्या पक्षाच्या कुकीज आपण होऊन अडवितात. आधारची प्रत देणे भाग पडले, तर जीवर शेवटचे चारच अंक दिसतात ती झाकलेली प्रत बहुतेक ठिकाणी पुरते. दलालाकडे अर्ज करून आपले नाव काढून टाकण्यास सांगणे हा उपाय अमेरिकेत बराच सुचविला जातो. परंतु नाव काढण्यासाठी नाव, पत्ता पुन्हा द्यावा लागतो, आणि मूळ झरा वाहता असल्याने काही महिन्यांनी ते नाव परत उगवते.

म्हणूनच एकेकट्याच्या दक्षतेला मर्यादा आहेत. व्हर्मंट राज्याने २०१८ मध्ये दलालांना नोंदणी सक्तीची करणारा कायदा केला. कॅलिफोर्नियाने २०२३ च्या कायद्याने त्यापुढचे पाऊल टाकले : तेथील रहिवाशाने एकच अर्ज करावा आणि नोंदणी झालेल्या सर्व दलालांनी तो मानावा, ऑगस्ट २०२६ पासून दर ४५ दिवसांनी असे अर्ज पाहून नोंदी पुसण्याचे बंधन त्यांच्यावर घातले आहे. ‘परत उगवणे’ या रोगावर हा बरा उतारा दिसतो.

भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपण हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हावयाची आहेत. संमतीवाचून माहिती वापरू नये, ग्राहकाने सांगितल्यास ती पुसावी, हे या कायद्याचे बळ. परंतु व्यक्तीने स्वतः होऊन, अथवा एखाद्या कायद्याने भाग पाडल्यामुळे, जाहीर झालेली माहिती त्याने आपल्या कक्षेबाहेर ठेवली आहे. न्यू हॅम्पशरचा खटला आठवला म्हणजे ही फट किती रुंद आहे ते कळते. १९०९ या क्रमांकावर नोंद केल्याने जाहिरातीचे दूरध्वनी कमी होतात. वहीतील नोंद त्याने पुसली जात नाही. दुकानदाराने मोबाइल क्रमांकाचा आग्रह धरू नये, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच बजावले आहे. गल्ल्यावरच्या मुलाने क्रमांक विचारला असता ‘नाही देत’ एवढे म्हटले, तरी बिल छापून मिळावयास हवे.