७० हजार रसायनांतून एक औषध. रोबो ते कसं शोधतात?

बोईसर-तारापूर एमआयडीसीत औषधांचे मूळ घटक टनावारी बनतात. पण कोणतं रसायन औषध ठरेल, याचा शोध फार आधी प्रयोगशाळेत सुरू होतो. तिथं रोबो वापरून होणाऱ्या झटपट चाळणीला ‘हाय-थ्रूपुट स्क्रीनिंग’ म्हणतात.

काम कसं चालतं?
तळहाताएवढ्या प्लेटमध्ये ९६, ३८४ किंवा १,५३६ खळगे असतात. रोबो प्रत्येक खळग्यात जंतू आणि वेगळं रसायन थेंबभरही नाही इतकं टाकतो. कुठे परिणाम झाला, ते यंत्र टिपतं. तो ‘हिट’.

यातून काय मिळालं?
औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावरचं बेडाक्विलिन. जॉन्सन अँड जॉन्सनच्या संशोधकांनी सुमारे ७० हजार रसायनं तपासली. तीही क्षयाच्या जंतूवर नव्हे, त्याच्या झपाट्यानं वाढणाऱ्या, कमी धोकादायक भाऊबंदावर.

हिट म्हणजे लगेच औषध?
नाही. बरेच हिट फसवे निघतात. उरलेल्यांची विषारीपणापासून रुग्णांपर्यंत परीक्षा होते. बेडाक्विलिनचा शोधनिबंध २००५ चा, अमेरिकेतली मंजुरी डिसेंबर २०१२ ची.

आपल्याला काय?
भारतात त्याचं मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपलं. मक्तेदारी लांबवू शकणारा आणखी एक अर्ज पेटंट कार्यालयानं मार्चमध्येच फेटाळला होता. त्याला आव्हान देणाऱ्यांत क्षयातून बऱ्या झालेल्या मुंबईच्या नंदिता वेंकटेशन होत्या. त्यानंतरच भारतीय कंपन्यांना स्वस्त जेनेरिकची वाट मोकळी झाली.

औषध बनवण्यात आपण तरबेज आहोत. पण शोध ज्याचा, पेटंट असेपर्यंत किंमतही तोच ठरवतो.