जुन्या मालमोटारीचे इंजिन

मध्यंतरी कारेगावी एका जुन्या विद्यार्थ्याने आपल्या आजोबांची बेडफर्ड मालमोटार मला दाखविली. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरास पहिली एस. टी. गेली ती ह्याच रस्त्याने, व तीही बेडफर्डच होती. "गुरुजी, हिला डिझेल इंजिन बसवू का?" असे त्याने विचारले.

इंजिन व गिअरपेटी ह्यांचे नाते वधूवरांसारखे आहे; एकाचेच गुण पाहून भागत नाही. डिझेल इंजिन मंद फेऱ्यांतच मोठा पीळ देते. तो जुन्या क्लचास व पेटीस सोसला पाहिजे. फेरेच कमी, म्हणून मागील आसाचे प्रमाण न बदलल्यास गाडी रांगतच राहते. इंजिन जड असल्यास पुढील पाटे दबतात. शिवाय २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार, खासगी वापरातील ५० वर्षांहून जुन्या चारचाकीस 'विंटेज' नोंदणी हवी असेल, तर इंजिनात मोठा फेरफार चालत नाही.

मी म्हणालो, "बाळ, ओझे वाहावयाचे असेल तर इंजिन, पेटी व आस ह्या तिहींचा मेळ घाल, आजोबांची आठवण राखावयाची असेल तर मूळ इंजिनच दुरुस्त कर."

दुसऱ्या दिवशी त्याने जुन्या इंजिनाचे हेड उघडले.