मिरचीचा हौदा, वारीचं माजघर

भोकरदन तालुक्यातलं पिंपळगाव रेणुकाई मिरचीच्या बाजारासाठी ओळखलं जातं. उन्हाळी लागवडीची मिरची तोडणीला आली की आसपासच्या गावांमधून हिरव्या मिरचीची पोती इथे येतात, परराज्यांतले व्यापारी तळ ठोकतात आणि माल पुढे लांबच्या शहरांकडे निघतो. शेतातून बाजारापर्यंतचा पहिला टप्पा असतो पिकअपचा. पुढे दोघा-तिघांची केबिन, मागे उघडा हौदा, तिन्ही बाजूंना खाली पडणारे फाळके. या भागाची रोजची भाकरी या हौद्यावर चालते.

नेमक्या याच दिवसांत आषाढी जवळ येते. मुक्ताईनगरहून निघणारी संत मुक्ताबाईंची पालखी बुलढाणा, चिखली, देऊळगाव राजा करत जालन्यात येते आणि अंबड, गेवराई, बीडमार्गे पंढरपूर गाठते. महिन्याहून अधिक काळ चालणारी ही वाट. मराठवाड्यातल्या लहान-मोठ्या दिंड्याही आपापल्या वाटांनी निघतात. चालणारे चालतात; त्यांचं अंथरूण, शिधा, पाणी आणि पाल मात्र कुणीतरी वाहावं लागतं. पूर्वी ते काम बैलगाडीचं होतं. मोठ्या दिंड्यांनी ट्रक धरला आणि लहान दिंड्यांच्या वाट्याला पिकअप आली. काल मिरची वाहणारी गाडी आज तीस-चाळीस माणसांचं घर होते. हे घर कसं उभं करायचं, ही एक कला आहे आणि ती नीट समजून घेण्याजोगी आहे.

पालखी सोहळ्याला मुक्कामाचा बंदोबस्त कधीच परका नव्हता. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या सोहळ्याची घडी बसवली, तेव्हा अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोड्यांबरोबर तंबूही दिला. चालणं जितकं जुनं, तितकंच रोज संध्याकाळी नव्या जागी गाव वसवणंही जुनं.

पहिलं काम धुण्याचं. मिरचीच्या हौद्यात सरळ अंथरुणं टाकली तर पहिल्याच रात्री सगळ्यांचे डोळे चुरचुरतात, हात-पाय भाजतात. चिरडलेल्या मिरचीचा रस पत्र्याच्या सांध्यांत आणि फळ्यांच्या फटींत बसलेला असतो. मिरचीतला तिखट अंश पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. त्यामुळे नुसता पाण्याचा पाइप मारून भागत नाही. साबणाच्या पाण्याने, ब्रशने घासून, दोनदा धुऊन, फाळके पाडून हौदा दोन दिवस उन्हात ठेवावा लागतो. त्यावर ताडपत्री आणि मगच सतरंजी.

दुसरं काम वजनाच्या हिशेबाचं. २००५ साली आलेल्या टाटा एसला, म्हणजे आपल्या छोट्या हत्तीला, सुरुवातीला पाऊण टन माल सोसत असे, १.७ टनी बोलेरो पिकअपला साधारण सतराशे किलो सोसतात. हा आकडा मोठा वाटतो, पण दिंडीचं सामान मांडून पाहावं. पाचशे लिटर पाणी म्हणजे पाचशे किलो. चाळीस जणांचं अंथरूण आणि पिशव्या, माणशी आठ किलो धरले तर तीनशे वीस. शिधा अडीचशे, पालं आणि बांबू दोनशे, भांडी दीडशे, दोन मोठे भरलेले सिलिंडर सत्तर, लोखंडी सांगाडा आणि बॅटरी मिळून दीडशे. बेरीज सोळाशे चाळीस! हौद्यात अजून जागा दिसते, पण गाडीची ताकद संपत आलेली असते. म्हणूनच जाणता चालक टाकी वाटेत अर्धीच भरतो आणि उरलेलं पाणी मुक्कामाजवळ घेतो. कमानीला एखादा पाटा वाढवला की झालं, असं समजणारे फसतात. पाट्याने गाडी बसायची थांबते, पण ब्रेक, टायर आणि अ‍ॅक्सल आधीचेच राहतात.

वजन किती, याइतकंच ते कुठे हेही महत्त्वाचं. पाण्याची टाकी आणि धान्य तळाला, केबिनला टेकून, मागच्या चाकांच्या पुढे. हलकी अंथरुणं त्यांच्यावर. टाकी मागच्या टोकाला ठेवली तर पुढची चाकं हलकी होतात आणि चढावर स्टेअरिंगची पकड सुटते. टाकी अर्धी असेल तर वळणावर पाणी एका बाजूला धावतं, म्हणून एका मोठ्या टाकीपेक्षा दोन लहान टाक्या बऱ्या.

तिसरं काम सांगाड्याचं. जालना हे लोखंडाचं शहर. तिथल्या रोलिंग मिल देशभर सळई पाठवतात. या जिल्ह्यात वेल्डिंगचं दुकान शोधत फिरावं लागत नाही. चौकोनी पाइपचे उभे खांब, वर आडव्या पट्ट्या आणि मधोमध थोडा उंच आढा. हा आढा विसरला की आषाढाचा पाऊस ताडपत्रीवर तळं करतो आणि रात्री कधीतरी ते तळं झोपलेल्यांच्या अंगावर रिकामं होतं.

या सांगाड्याची खरी परीक्षा मात्र वेगळी आहे. तो निघाला पाहिजे. पिकअप शेतकऱ्याची किंवा भाड्याने चालणाऱ्या माणसाची असते. पौर्णिमेचा काला झाला की तिला पुन्हा मिरचीवर जायचं असतं. म्हणून जाणता कारागीर हौद्याला वेल्डिंगचा टाका मारत नाही. मुळातल्या भोकांत नट-बोल्टने सांगाडा बसवतो. कायदाही याच बाजूने आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपुस्तकातला तपशील बदलेल असा फेरफार गाडीत परस्पर करता येत नाही.

आता घराची मांडणी. मुक्कामाला गाडी उभी राहिली की डावा फाळका साखळ्यांवर आडवा थांबतो आणि त्याचा ओटा होतो: पीठ मळायला, भाजी चिरायला. सांगाड्यावरची ताडपत्री दोन बांबूंवर पुढे ओढली की ओसरी झाली. आढ्याखाली जाळी बांधली की माळा. तिथे टाळ, वीणा आणि कोरडे कपडे. मागच्या बाजूला दोन पडदे लावून बायकांना अंघोळीला आणि कपडे बदलायला आडोसा. कित्येक ठिकाणी हा आडोसा सगळ्यात शेवटी सुचतो. माझ्या मते तो सांगाड्याच्या पहिल्या मापातच धरला पाहिजे. महिनाभर चालणाऱ्या बाईला रोज पहाटे अंधारात जागा शोधायला लागू नये, एवढं तरी घराने करावं.

चूल मात्र कधीच हौद्यात नाही. शेगडी जमिनीवर, ओसरीच्या टोकाला, वाऱ्याकडे पाठ करून. सिलिंडर उभा आणि बांधलेला. घरगुती गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर खाली साठतो आणि चारी बाजूंनी ताडपत्री बांधलेल्या हौद्यात त्याला बाहेर पडायला वाट उरत नाही. म्हणून प्रवासात मागचा पडदा उघडा आणि रेग्युलेटर काढलेला.

दिव्याचा हिशेब सोपा आहे. बारा व्होल्टची शंभर अँपिअर-तासाची बॅटरी बाराशे वॅट-तास धरते. तिचं आयुष्य टिकवायचं तर निम्मीच वापरायची. नऊ वॅटचे सहा एलईडी दिवे चोपन्न वॅट खातात, म्हणजे दहा-अकरा तासांचा उजेड. ही बॅटरी गाडीच्या बॅटरीपासून वेगळी हवी, नाहीतर रात्री हरिपाठ उजेडात होतो आणि सकाळी गाडीला धक्का मारावा लागतो.

आणि मग भरण्याचा क्रम. ही सगळ्यात मोठी विद्या, आणि ती कागदावर लिहिलेली नसते. मुक्कामाला जे पहिल्यांदा लागतं ते शेवटी भरायचं. उतरताना आधी ताडपत्री आणि बांबू, मग शेगडी आणि चहाचं पातेलं, मग भांडी, मग अंथरुणं. दिंडी पोचण्याच्या आत गाडी पुढे गेलेली असते. पावसात भिजून आलेल्या माणसाला आधी छप्पर हवं, मग चहा हवा. ज्याच्या गाडीत चहाचं पातेलं गाद्यांच्या खाली असतं, त्याला दुसऱ्या दिवशी क्रम आपोआप कळतो.

हौद्यात माणसं बसवायची नाहीत, हा नियम इथे कडक हवा. मालवाहू गाडीतून माणसं नेणं बेकायदा आहे आणि दरवर्षी उलटणाऱ्या गाड्या त्याचं कारण सांगतात. थकलेल्या, आजारी वारकऱ्याला केबिनमधली एक जागा कायम राखून ठेवावी आणि ती सामानाने भरू देऊ नये.

अशीच एक गाडी पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला जन्मली. ऑस्ट्रेलियात तिला ‘यूट’ म्हणतात. गिप्सलँडमधल्या एका शेतकऱ्याच्या बायकोने फोर्ड कंपनीला पत्र लिहिल्याचं सांगतात: रविवारी चर्चला नेईल आणि सोमवारी डुकरं बाजारात नेईल अशी एक गाडी द्या. जिलाँगच्या कारखान्यातल्या ल्यू बँट या तरुण अभियंत्याने तशी गाडी आखली आणि १९३४ साली ती बाजारात आली. आज तिथले लोक तिच्या सपाट हौद्यावर पाण्याच्या टाक्या, पेट्या आणि तंबू चढवून ओसाड मुलखात आठवडेच्या आठवडे मुक्काम करतात. गरज तीच होती: देवाला आणि बाजाराला एकच गाडी.

आपल्याकडे ही गाडी कुठल्या कंपनीने वारीसाठी आखली नाही. ती चालक, वेल्डर आणि स्वयंपाकाला बसणाऱ्या बायका यांनी मिळून, वाटेवर चुकत चुकत आखली. ती तितक्याच आदराने लिहून, मोजून, पुढच्या पिढीला द्यायला हवी.

पंढरपूरहून परत आल्यावर सांगाड्याचे बोल्ट सोळा नंबरच्या का सतरा नंबरच्या पान्याने सुटतात, हे चालकाला पाठ असतं. पाइप घराच्या भिंतीला उभे राहतात, नट-बोल्ट डब्यात तेल लावून ठेवले जातात. दुसऱ्या दिवशी पहाटे हौद्यात मिरचीची पहिली पोती पडतात. पत्र्यातली ती भोकं तशीच मोकळी असतात, पुढच्या ज्येष्ठापर्यंत.