पिकअपचे टायर : भीती चिखलाची, धोका दगडाचा

हैदराबादेत पिकअप बाळगणारे साधारण दोन प्रकारचे. एक, इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्स घेऊन रविवारी विकाराबादच्या अनंतगिरीकडे निघणारे. दुसरे, उदगीर-देगलूरकडचा शेतमाल बोलेरो पिकअपमध्ये भरून शहर गाठणारे. खिसे वेगळे, टायरबद्दलचे गैरसमज मात्र तेच.

पहिला म्हणजे, ‘कच्च्या रस्त्याला मड-टेरेनच (चिखलासाठीचा, खोल नक्षीचा टायर) हवा.’ हैदराबाद वसलंय ग्रॅनाइटवर. इथली तांबडी, मुरमाड जमीन पाणी धरून ठेवत नाही, त्यामुळे कच्च्या वाटेवर गाठ पडते ती चिखलाशी कमी आणि खडी-दगडांशी जास्त. दगडाने टायरची साइडवॉल चिरली की पंक्चरवाल्याच्या हाती काही उरत नाही, टायर टाकूनच द्यावा लागतो. म्हणून दुकानात नक्षी किती खोल यापेक्षा साइडवॉल किती भक्कम, हे आधी विचारावं. पश्चिमेला झहीराबादच्या बाजूला बेसॉल्टची काळी जमीन लागते. पावसाळ्यात ती टायरच्या खाचा लिंपून टाकते आणि तिथे मड-टेरेनच्या रुंद खाचा चिखल झटकायला खरोखर उपयोगी पडतात. पण त्याच रुंद खाचा ओल्या डांबरावर महागात पडतात. रस्त्याला टेकणारं रबर कमी आणि बारीक चिराही कमी, त्यामुळे ब्रेक लावल्यावर गाडी जास्त अंतरावर थांबते. आवाज आणि डिझेल वेगळंच. बहुतेक धाव डांबरावर असेल तर ऑल-टेरेन पुरे. महिन्यातून एकदाच शेताच्या बांधापर्यंत जायचं असेल तर साधा हायवे टायरही चालतो. दुकानदार हे आपणहून सांगेलच असं नाही.

‘दहा पीआर म्हणजे दहा थर.’ एके काळी तसं होतं. आता पीआर, म्हणजे प्लाय रेटिंग, हा ताकदीचा दर्जा आहे. आत थर प्रत्यक्षात कमीच असतात. खरं वजन लोड इंडेक्सवरून कळतं. ११२ म्हणजे पूर्ण हवेवर एका टायरला ११२० किलो. आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. एलटी (लाइट ट्रक) टायर तेवढंच वजन पेलायला साध्या टायरपेक्षा जास्त हवा मागतो, त्यामुळे टायर बदलल्यावर जुनाच दाब ठेवणं चूक.

‘टायर जितका मोठा तितकी गाडी दमदार.’ २५५/६० आर १८ काढून २६५/६५ आर १८ बसवला तर व्यास सुमारे पाच टक्के वाढतो. स्पीडोमीटरचा काटा तोच राहतो, गाडी मात्र पाच टक्के जास्त वेगाने पळते आणि चढावर इंजिन धापा टाकतं. गाडी उंच दिसते, हे खरं.

सगळ्यात घातक समज उन्हाळ्यातला. ‘मे महिन्यात हवा तापून फुगते, म्हणून चार पौंड कमी भरा.’ तापलेल्या टायरमध्ये दाब वाढणार, हे बनवणाऱ्याने हिशेबात धरलेलंच असतं. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतो, साइडवॉल सतत वाकते, त्यातून उष्णता तयार होते आणि शेवटी टायर आतून सुटायला लागतो. वर ओझं आणि बाह्यवलय मार्गावरचा वेग यांची भर पडली की तो फुटतो, आणि दोष मात्र उन्हाला जातो. दाब गार टायरमध्ये, सकाळी निघण्याआधी मोजावा. आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर असतो. रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचा वेगळा असेल तर तोही तिथेच. धावून तापलेल्या टायरमधली हवा सोडू नये. हवेऐवजी नायट्रोजन भरल्याने यातलं काही बदलत नाही. साध्या हवेतही तो ७८ टक्के असतोच.

हवा कमी करायची ती वाळूत किंवा मऊ मातीत, अगदी सावकाश चालवताना. टायर पसरतो, पकड वाढते. डांबरावर परतताच ती पुन्हा भरायची, म्हणून सोबत छोटा कॉम्प्रेसर हवाच. टोकदार दगडांत मात्र फार हवा काढू नये, कारण फुगीर साइडवॉलच आधी चिरते.

काही ऑल-टेरेनच्या बाजूवर डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असतं. ते बर्फासाठी. हैदराबादेत त्याचे जादा पैसे मोजू नयेत. त्यापेक्षा साइडवॉलवरचे, टायर कधी बनला ते सांगणारे चार आकडे वाचावेत. ०८२५ म्हणजे २०२५ सालचा आठवा आठवडा. स्टेपनीवरचे आकडेही वाचावेत. ती बहुधा सगळ्यांत जुनी निघते.