टायरच्या मापाची निवड (पिकअप वाहने)

पिकअप वाहनासाठी टायरच्या मापाची निवड म्हणजे वाहनाचे वजन, त्यावरील भार, रस्त्याचा पृष्ठभाग व हवामान यांचा मेळ घालून टायरची रुंदी, उंची आणि रिमचा व्यास निश्चित करणे होय. बर्फ, चिखल किंवा पाणी असलेल्या निसरड्या रस्त्यावर वाहनाची पकड बऱ्याच अंशी या निवडीवर अवलंबून असते. कोल्हापूर जिल्ह्यात हिमवर्षाव होत नाही; तथापि जिल्ह्याच्या पश्चिम भागातील अतिवृष्टी, घाटरस्ते आणि शेताकडे जाणाऱ्या पाणंदींतील चिखल यांमुळे हाच प्रश्न तेथे वेगळ्या रूपात उभा राहतो.

मापाचे वाचन

टायरच्या बाजूवर माप कोरलेले असते. महिंद्रा बोलेरो पिकअपच्या अनेक प्रकारांत आढळणारे '२१५/७५ आर १५' हे माप उदाहरणादाखल घेता येईल. यातील २१५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी होय. ७५ हा आकडा बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के आहे हे दर्शवतो. 'आर' हे अक्षर रेडियल बांधणीचे निदर्शक असून १५ हा रिमचा इंचांतील व्यास आहे. काही मापांत टक्केवारीचा आकडा नसतो. 'छोटा हत्ती' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व २००५ मध्ये बाजारात आलेल्या टाटा एसचे '१४५ आर १२' हे माप त्याच प्रकारचे आहे.

एकूण व्यास

वरील उदाहरणात बाजूच्या भिंतीची उंची २१५ च्या ७५ टक्के, म्हणजे सुमारे १६१ मिमी भरते. १५ इंच म्हणजे ३८१ मिमी. त्यात वरची व खालची अशा दोन भिंतींची उंची मिळवली असता एकूण व्यास सुमारे ७०४ मिमी येतो. त्याऐवजी २३५/७५ आर १५ हा टायर बसवल्यास व्यास सुमारे ७३४ मिमी होतो, म्हणजेच तो ४ टक्क्यांहून थोडा अधिक वाढतो. अशा वेळी गतिमापक ताशी ६० किमी दाखवत असताना वाहनाचा प्रत्यक्ष वेग ताशी ६२ ते ६३ किमी असतो. चढावर इंजिनाची ओढ तितक्याच प्रमाणात घटते, क्लचवर ताण येतो आणि वळणावर टायर मडगार्डला घासण्याचा संभव असतो. याउलट २१५/७० आर १६ या मापाचा व्यास सुमारे ७०७ मिमी असल्याने, रिम एक इंच मोठी होऊनही मूळ व्यासात फारसा फरक पडत नाही. म्हणून नवे माप ठरवताना केवळ रिमचा आकडा न पाहता एकूण व्यास पाहावा लागतो.

रुंद की अरुंद

रुंद टायर सर्वत्र अधिक पकड घेतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात मऊ थराखाली काय आहे, यावर उत्तर अवलंबून असते. थर उथळ असून खाली कठीण पृष्ठभाग असल्यास अरुंद टायर उपयुक्त ठरतो. तेच वजन कमी रुंदीवर एकवटल्याने तो थर कापून तळाला टेकतो. थर खोल असून तळ लागणारच नसेल, तर वजन पसरवणारा रुंद टायर श्रेयस्कर ठरतो.

बर्फाळ प्रदेशातील वापर या तत्त्वाला धरून आहे. डांबरी रस्त्यावर ताजा, उथळ बर्फ असल्यास तुलनेने अरुंद टायर, लहान रिम आणि उंच बाजू यांना पसंती दिली जाते. अरुंद टायरभोवती साखळी बसवण्यास जागाही मिळते. आइसलँडमधील खोल हिमाच्या पठारांवर मात्र अतिशय रुंद टायर अगदी कमी हवेवर चालवतात. गोठलेल्या, काचेसारख्या बर्फावर मापापेक्षा रबराचा मऊपणा व नक्षीतील बारीक चिरा अधिक महत्त्वाच्या ठरतात. हिवाळी टायरचे रबर सुमारे ७ अंश सेल्सिअसखालील तापमानातही कडक होत नाही. अशा टायरवर तीन शिखरांच्या पर्वतात हिमकण असे चिन्ह असते. कॅनडातील क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात हिवाळी टायर सक्तीचे आहेत.

कोल्हापूर परिसर

मुरमाच्या पाणंदीवर पावसाळ्यात वर चिखलाचा पातळ थर आणि खाली कठीण तळ अशी स्थिती असते. तेथे मूळ मापाचा, खोल नक्षीचा टायर पुरेसा ठरतो. पंचगंगेकाठच्या खोल काळ्या जमिनीत वाफसा येण्यापूर्वी वाहन नेल्यास अरुंद चाके रुततात व खोल चाकोऱ्या पडतात. परंतु बाजाराला भाजी, दूध किंवा गुळाचे रवे नेणारे पिकअप बहुतांश वेळ डांबरी रस्त्यावरच धावते. त्यामुळे दहा दिवसांच्या चिखलासाठी वर्षभर रुंद टायर वागवणे इंधनाच्या दृष्टीने महाग पडते.

करूळ, फोंडा व आंबा या घाटांत मुसळधार पावसात टायरखालचे पाणी वेळेवर बाहेर पडले नाही, तर टायर पाण्यावर तरंगू लागतो आणि सुकाणू व ब्रेक निरुपयोगी होतात. रुंद टायरला अधिक पाणी बाजूला सारावे लागते. म्हणून नक्षी झिजलेली असल्यास हा धोका त्यात अधिक असतो. २०१९ व २०२१ च्या महापुरांत पुणे-बंगळूर महामार्गही शिरोलीजवळ पाण्याखाली गेला होता. अशा प्रसंगी उंच टायर संरक्षण देत नाहीत. सुमारे ६० सेंटिमीटर खोल वाहते पाणी पिकअपसारखे वाहनही वाहून नेऊ शकते.

भारक्षमता

मालवाहू वाहनात भारक्षमतेचा विचार मापाच्याही आधी करावा लागतो. टायरवरील भारनिर्देशांक प्रत्येक टायर किती वजन पेलतो हे सांगतो. उदाहरणार्थ, १०० या निर्देशांकाचा अर्थ ८०० किलोग्रॅम असा आहे. '८ पीआर' यासारखी खूण टायरची मजबुती दर्शवते, त्यातील थरांची प्रत्यक्ष संख्या नव्हे. मोटारगाडीचा टायर मापाने जुळला, तरी भारनिर्देशांक कमी असल्यास तो पिकअपला वापरणे धोक्याचे आहे. भरलेले वाहन घाट उतरत असताना असा टायर तापून फुटल्यास चालकासह रस्त्यावरील इतरांच्याही जिवावर बेतू शकते. हवेचा दाब चालकाच्या दाराजवळील पट्टीवर किंवा वाहनाच्या पुस्तिकेत दिलेला असतो. चिखलातून निघण्यासाठी हवा कमी केली असल्यास डांबरी रस्त्यावर येताच ती पूर्ववत करणे आवश्यक असते.

कायदेशीर तरतुदी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांपासून भिन्न ठरेल असा बदल वाहनात करण्यास निर्बंध आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार चारचाकी वाहनाच्या टायरची नक्षी किमान १.६ मिमी खोल असावी लागते. नक्षीच्या खाचांत ठरावीक अंतरावर बारीक उंचवटे असतात. झीज त्यांच्या पातळीला पोहोचली की टायर बदलावा, असा त्यांचा अर्थ आहे. एकाच आसावर समान मापाचे व समान बांधणीचे टायर असावेत आणि शक्य असल्यास स्टेपनीही त्याच मापाची ठेवावी.