दूरस्थ गणकसंच आणि पडद्यावरील चित्र

भिवंडी–वाडा रस्त्यावरील अंबाडी येथे राहणाऱ्या एखाद्या संशोधक विद्यार्थ्यास पुण्याच्या आयसर संस्थेतील 'परम ब्रह्म' या महासंगणकावर खाते मिळाले, तर गणितासाठी त्याला पुण्यास जाण्याचे कारण पडत नाही. १९६४ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हे गणकयंत्र बसविण्यात आले, त्या काळी छिद्रित कार्डांचा गठ्ठा केंद्रात पोचवावा लागे आणि उत्तराचे छापील कागद यथावकाश हाती येत. आज हा सर्व व्यवहार तारेवरून होतो. परंतु ग्रामीण भागात ही तार अरुंद असते आणि कधी वीज गेल्याने, कधी जोडणी ढिली पडल्याने मध्येच तुटते. अशा वेळी चालू काम जिवंत राहील की नाही, हे पडद्यावरील चित्र कोणत्या टोकाला तयार होते यावर अवलंबून असते.

जी कामे आज्ञावली लिहून 'स्लर्म' या रांग-व्यवस्थेकडे सोपविली जातात, त्यांना हा प्रश्न नाही. ती तार तुटली तरी चालूच राहतात. त्यांच्यासाठी अक्षरांचा साधा काळा पडदा पुरतो, आणि जेथे तो पुरतो तेथे चित्रमय पडद्याचा हव्यास धरू नये. आलेख न्याहाळणे, रेणूची रचना फिरवून पाहणे, प्रवाहाचे चित्र तपासणे, अशा कामांना मात्र चित्र हवेच.

त्याचा जुना मार्ग म्हणजे एमआयटीमध्ये १९८४ साली जन्मलेली 'एक्स' प्रणाली. येथे नावांचा उलटा प्रकार नवशिक्यास गोंधळात पाडतो. पडदा पुरविणारे ते 'सर्व्हर', या न्यायाने विद्यार्थ्याच्या टेबलावरील यंत्र सर्व्हर ठरते आणि पुण्याचा महासंगणक त्याचे गिऱ्हाईक! महासंगणकावरील कार्यक्रम 'येथे खिडकी काढ, येथे रेघ ओढ' असे निरोप धाडतो आणि बऱ्याच निरोपांच्या उत्तरासाठी थांबून राहतो. दोनशे किलोमीटरच्या काचतंतूतून प्रकाश जाऊन येण्यास दोन मिलिसेकंद पुरतात. पण मधल्या केंद्रांतून व मोबाइल जोडणीवरून हीच फेरी सहज साठ मिलिसेकंदांवर जाते. एखादी खिडकी उघडण्यास अशा पाचशे फेऱ्या लागल्या असे मानले, तर तीस सेकंद नुसत्या वाट पाहण्यात जातात. येथे तारेची रुंदी वाढवून फारसे साधत नाही. शिवाय तार तुटली की कार्यक्रमाचा पडदाच नाहीसा होतो आणि बहुधा कार्यक्रमही त्याबरोबर संपतो.

केंब्रिज येथील ऑलिव्हेटीच्या प्रयोगशाळेत पुढे विकसित झालेल्या व्हीएनसी पद्धतीत पडदा दूरच्या यंत्राच्या स्मृतीतच राहतो. टेबलावरील यंत्र त्याचे केवळ प्रतिबिंब दाखविते आणि कळफलक व माऊस यांच्या हालचाली परत पाठविते. तार तुटली तर प्रतिबिंब मावळते, मूळ पडदा जागच्या जागी असतो. पुन्हा जोडले की अर्धवट फिरविलेला रेणू तसाच समोर येतो. १९२० बाय १०८० बिंदूंचे एक संपूर्ण चित्र प्रत्येक बिंदूस तीन बाइट धरल्यास ६२ लाख बाइटांहून मोठे होते. सेकंदास चार मेगाबिटांच्या तारेवर ते पोचण्यास बारा सेकंदांहून अधिक काळ लागेल. म्हणून चित्राचा बदललेला भाग तेवढाच, तोही संकुचित करून, पाठविला जातो. अंबाडीच्या विद्यार्थ्याने रंगांची संख्या व पडद्याचा आकार कमी ठेवणे यासाठीच हिताचे.

आता हा पडदा गणकसंचात नेमका कोठे उभारावयाचा? बाहेरून येणारा प्रथम प्रवेश-यंत्रावर पोचतो. ते सर्वांचे सामायिक असल्याने जड चित्रकाम तेथे चालविणे म्हणजे इतरांची वाट अडविणे होय. योग्य क्रम असा: प्रथम स्लर्मकडून ठरावीक मुदतीसाठी एक गणन-यंत्र मागून घ्यावे, व्हीएनसीचा पडदा त्यावर उभारावा, आणि प्रवेश-यंत्रातून तेथवर एसएसएचचा बोगदा काढावा. फिनलंडमध्ये १९९५ साली तयार झालेल्या एसएसएचमुळे मजकूर तारेवर सांकेतिक रूपात जातो. जुन्या धर्तीच्या व्हीएनसीत तशी सोय नसते आणि तिचा परवलीचा शब्दही आठ अक्षरांपलीकडे जात नाही. म्हणून बोगदा टाळू नये. पहिल्या पडद्याचे द्वार ५९०१, दुसऱ्याचे ५९०२, असा क्रम असतो. बोगद्याच्या दोन्ही टोकांना आकडा चुकला नाही म्हणजे झाले. ओहायोच्या महासंगणक केंद्राने घडविलेली 'ओपन ऑनडिमांड' ही प्रणाली जेथे बसविलेली असते, तेथे ही सारी खटपट ब्राउझरमधील एका अर्जावर निभावते.

टेबलावरची खिडकी मिटल्याने मात्र सत्र संपत नाही. पडदा टिकून राहण्याचा जो गुण, त्याचीच ही दुसरी बाजू: मागून घेतलेले गणन-यंत्र मुदत भरेपर्यंत अडून राहते आणि रांगेतील पुढचा माणूस तिष्ठत बसतो. काम आटोपताच स्लर्मला तसे कळवून यंत्र मोकळे करावे लागते.